कळलावी धोक्यात आहे की नाही? लाल यादी आणि आपला धुरा

पोळा झाला की विदर्भातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक फोटो हमखास फिरतो. वर वळलेल्या, काठाला मुरडलेल्या लाल-पिवळ्या पाकळ्या आणि खाली ओळ : ‘अत्यंत दुर्मीळ, नामशेष होत चाललेली औषधी वनस्पती. पुढे पाठवा.’ फूल कळलावीचं असतं. मग गटातलाच कुणी लिहितो, “दुर्मीळ कायची? आमच्या धुऱ्यावर ढीगभर हाये.” (धुरा म्हणजे शेताचा बांध.) दुसरा कुठल्या तरी आंतरराष्ट्रीय यादीचा दाखला देतो, तिथे या वनस्पतीपुढे चक्क ‘कमी चिंतेची’ असा शेरा आहे. तिसरा म्हणतो, “आमच्या शिवारात तर कित्येक वर्षांत एक नाही दिसली.”

यातला कुणीही खोटं बोलत नसेल. तिघं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत, एवढंच. एखादी वनस्पती ‘धोक्यात’ आहे असं ठरतं कसं, कोण ठरवतं, आणि त्या शेऱ्याचा आपल्या गावाशी संबंध किती, हे कळलं की हा वाद बराचसा मिटतो.

आधी कळलावीचीच ओळख, कारण पुढचं सगळं तिच्या स्वभावावर अवलंबून आहे. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. काही जण अग्निशिखा म्हणतात. वर्षातले सहा-सात महिने ही वेल जमिनीवर नसतेच. खाली नांगराच्या आकाराचा, दोन फाट्यांचा कंद तेवढा असतो. मृगाचे पाऊस पडले की कोंब वर येतो, पानांची टोकं दोऱ्यासारखी वळतात आणि त्यांनीच ती बोरी-बाभळीला, कुंपणाला धरून चढते. पाकळ्या आधी हिरवट-पिवळ्या असतात, मग खालून पिवळ्या नि वरून लाल होतात, शेवटी पूर्ण लाल. फुलात पुंकेसर चहूबाजूंना पसरलेले आणि स्त्रीकेसराची काडी मुळाशीच काटकोनात बाहेर वळलेली. स्वतःचा पराग स्वतःलाच लागण्याची शक्यता त्यामुळे कमी होते, बाहेरून येणाऱ्या किड्या-पाखरांवर भिस्त वाढते. मग बोंडं धरतात, हिवाळ्यात फुटतात, आत लालभडक बिया. बी कठीण कवचाचं, रुजायला वेळ लावणारं. रुजलं तरी त्या रोपाला फुलावर यायला तीन-चार वर्षं लागतात.

आणि हो, ही विषारी आहे. कंदात आणि बियांत कोल्चिसिन नावाचं रसायन असतं. गाऊटच्या, म्हणजे युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीच्या औषधात तेच वापरतात, पण मोजून, अगदी मिलिग्रॅममध्ये. कंद रताळ्यासारखा समजून खाल्ला, तर उलट्या-जुलाबांपासून सुरुवात होऊन जीवही जातो. कुणी खाल्लाच तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा. याच कोल्चिसिनचा दुसरा धंदा संकर-बियाण्याच्या लोकांना माहीत असतो. पेशी विभागताना ते मध्येच अडथळा आणतं, त्यामुळे गुणसूत्रांची संख्या दुप्पट होते. बिनबियांच्या टरबुजाची वंशावळ काढली तर तिच्यात कुठे तरी कोल्चिसिन सापडतंच.

म्हणजे बाजारात मागणी आहे, वाढ संथ आहे, आणि मागणी नेमकी त्या दोन भागांना आहे ज्यांच्यावर पुढची पिढी उभी राहते : कंद आणि बी.

यादी काय विचारते

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ, म्हणजे आययूसीएन, ही 1948 मध्ये स्थापन झालेली संस्था. तिची लाल यादी 1964 पासून आहे. सुरुवातीला कोणती जात धोक्यात हे बरंचसं तज्ज्ञांच्या मतावर ठरे. 1994 मध्ये आकड्यांचे निकष आले, 2001 मध्ये त्यांना आजचं रूप मिळालं. ही यादी विचारते, जात जगातून नाहीशी होण्याचा धोका किती? फूल किती देखणं, किती औषधी, आपल्याला त्याची किती हळहळ, याचा तिथे काही संबंध नाही.

उत्तराच्या पायऱ्या अशा. सगळ्यात खाली ‘कमी चिंतेची’, तिच्या वर ‘संकटसमीप’. त्यानंतरच्या तीन पायऱ्यांना मिळून धोक्यातल्या जाती म्हणतात : असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त. त्याही पलीकडे ‘वन्य स्थितीत नामशेष’, म्हणजे बागेत, रोपवाटिकेत उरलेली पण रानातून गेलेली, आणि मग ‘नामशेष’. बाजूला आणखी दोन खाने आहेत आणि माझ्या मते सामान्य वाचकाने तेच आधी ओळखायला हवेत. एक ‘अपुरी माहिती’, दुसरा ‘मूल्यांकन न झालेली’. वनस्पतींचा मोठा भाग या दुसऱ्या खान्यात आहे. यादीत नाव सापडलं नाही म्हणजे ‘सगळं ठीक’ असं लोक समजतात. प्रत्यक्षात तिच्याकडे अजून कुणी त्या दृष्टीने पाहिलेलंच नसतं.

पायरी ठरवायचे मार्ग पाच आहेत, त्यातला एक जरी लागू झाला तरी पुरतो. दोन मार्ग समजले की बाकीचे आपोआप समजतात.

पहिला मार्ग घटीचा. दहा वर्षं किंवा त्या जातीच्या तीन पिढ्या, यांतला जो काळ मोठा असेल तो घ्यायचा आणि त्यात संख्या किती टक्क्यांनी घटली ते बघायचं. घट थांबलेली नसेल किंवा तिचं कारण पुरतं कळलेलं नसेल, तर 30 टक्क्यांना असुरक्षित, 50 ला संकटग्रस्त, 80 ला अतिसंकटग्रस्त. इथे ‘पिढी’ महत्त्वाची. तरोट्यासारखं रोप एका पावसाळ्यात उगवून बी टाकून मोकळं होतं. सावकाश वाढणाऱ्या झुडपाच्या तीन पिढ्या म्हणजे माणसाचं अर्धं-पाऊण आयुष्य.

याचं उदाहरण वाळवंटातलं आहे आणि त्याचा माल आपल्या मेडिकल दुकानात मिळतो. गुग्गुळ. राजस्थान, कच्छ, सिंधच्या कोरड्या जमिनीतलं काटेरी, ठेंगणं झुडूप, बारीक लालसर फुलांचं. त्रिफळा गुग्गुळ, योगराज गुग्गुळ ज्याच्या डिंकापासून बनतात ते हेच. डिंकासाठी खोडाला चिरा देतात. जपून, थोड्या चिरा दिल्या तर झुडूप टिकतं. जास्तीच्या आशेने खोल चिरलं की वाळून जातं. हे झुडूप एका टेकडीपुरतं नाही, चांगलं दूरवर पसरलेलं आहे. तरीही लाल यादीत ते अतिसंकटग्रस्त आहे. कारण घटच तेवढी मोठी.

दुसरा मार्ग क्षेत्राचा. जात जिथे-जिथे सापडते त्या सगळ्या ठिकाणांभोवती रेघ ओढली तर आत किती जागा येते? 20 हजार चौरस किलोमीटरपेक्षा कमी आली तर असुरक्षित, 5 हजारांपेक्षा कमी तर संकटग्रस्त, 100 पेक्षा कमी तर अतिसंकटग्रस्त. आपल्या मापात सांगायचं तर यवतमाळ जिल्हा साधारण साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा आणि भंडारा चार हजारांच्या आसपासचा. एखादं फूल जगात फक्त यवतमाळ जिल्ह्यातच असेल, तर जिल्हाभर ते भरपूर दिसत असतानाही ‘असुरक्षित’च्या मर्यादेत येऊ शकतं. ‘येऊ शकतं’ म्हणायचं कारण, नुसतं क्षेत्र लहान असून भागत नाही. ठिकाणं तुटक झालीत, जागा किंवा संख्या कमी होत चालली आहे, किंवा संख्येत प्रचंड चढउतार आहेत, यांतल्या किमान दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. राहिलेले मार्ग म्हणजे प्रौढ झाडांची थेट मोजदाद आणि नामशेष होण्याच्या शक्यतेचं गणित.

एका टेकडीवरचं फूल

क्षेत्र लहान असणं म्हणजे काय, याचं टोक पाहायचं तर अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात जावं लागतं. तिथल्या वाळवंटी डोंगरात टीम्स बकव्हीट नावाचं एक खुजं रोप आहे. उपवासाच्या कुट्टूच्या कुळातलं, फिकट पिवळ्या गोंड्यांच्या फुलांचं. अर्नोल्ड टीम नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला ते 1983 मध्ये सापडलं म्हणून हे नाव. जगात ते एकाच जागी आहे आणि सगळे ताटवे एकत्र केले तरी जेमतेम दहा एकर भरतात. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शेतकऱ्याच्या वावराएवढे.

दहा एकर, तेही अशा जमिनीत जिच्यात लिथियम आणि बोरॉन भरपूर. बॅटऱ्यांसाठी लिथियम हवं म्हणून तिथे खाण प्रस्तावित झाली. त्यात सप्टेंबर 2020 मध्ये हजारो रोपं उकरलेली सापडली. माणसांनीच हे केलं असा संशय आधी व्यक्त झाला. पुढे डीएनए तपासणीत बोट खारी-उंदरांसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांकडे गेलं. कोरड्या उन्हाळ्यात ओलावा शोधणाऱ्या प्राण्यांनी एका जातीचा मोठा हिस्सा खाऊन टाकावा, हे फक्त इतक्या लहान जागेतच होऊ शकतं. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या सरकारने या फुलाला कायद्याने संकटग्रस्त जाहीर केलं आणि भोवतालची 910 एकर जागा त्याच्यासाठी अत्यावश्यक अधिवास म्हणून आखली. ऑक्टोबर 2024 मध्ये खाणीलाही काही अटींवर मंजुरी मिळाली. दोन्ही निर्णय एकाच सरकारचे. कोळसा खाणींशेजारी राहणाऱ्या चंद्रपूर-वणीच्या वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही.

आता कळलावीकडे या. ती आफ्रिकेच्या मोठ्या भागात आहे, भारतभर आहे, श्रीलंकेत, आग्नेय आशियात आहे. झिंबाब्वेचं ते राष्ट्रीय फूल, तामिळनाडूचं राज्यफूल. क्षेत्राच्या निकषात ती कुठेच अडकत नाही. जगभरात मिळून तीन पिढ्यांत 30 टक्के घट झाली असं दाखवणारा पुरावाही नाही. म्हणून ‘कमी चिंतेची’. जगाच्या मापाने हा शेरा बरोबरच आहे.

पण जगाचं माप आपल्या धुऱ्याला लावायचं का? हवामान खाते सांगतं, राज्यात सरासरीइतका पाऊस झाला. त्याच वर्षी आपल्या महसूल मंडळात एकवीस दिवसांचा खंड पडून सोयाबीन करपलेलं असतं. सरासरी खोटी नसते आणि करपलेलं सोयाबीनही खोटं नसतं. पीकविम्यासाठी आपण मंडळाचा पाऊस धरा म्हणून भांडतो, ते याचसाठी. वनस्पतींच्या बाबतीतही मंडळाचा आकडा वेगळा काढता येतो. देश, राज्य किंवा एखादा प्रदेश यापुरतं मूल्यांकन करायचे नियम आययूसीएननेच दिलेले आहेत. त्यात एक शहाणपणाची तरतूद आहे : शेजारच्या प्रदेशातून बी येऊन इथली तूट भरून निघणार असेल तर धोक्याची पायरी खाली आणता येते, आणि शेजारचा पुरवठाच आटत असेल तर आणता येत नाही.

विदर्भात ती जाते कुठे

कळलावीच्या आवडत्या जागा आठवा. धुरा, पांदणीच्या दोन्ही कडा, नाल्याचा काठ, गावाबाहेरचं झुडपी जंगल, मेळघाटपासून गडचिरोलीपर्यंतच्या पानगळी रानाची किनार. यांतली एकही जागा ‘उत्पन्नाची’ समजली जात नाही, म्हणून ती जाताना कुणी मोजत नाही.

धुऱ्यावर तणनाशक आलं. पूर्वी धुरा विळ्याने कापत. वेल कापली तरी कंद खाली शाबूत राही, पुढच्या मृगात पुन्हा कोंब. ग्लायफोसेटसारखं औषध मात्र पानांतून थेट जमिनीखालच्या भागात उतरतं. त्याचं कामच ते आहे. पांदण रस्ते मोकळे करताना जेसीबी दोन्ही बाजूंची झुडपं मुळासकट ओढतो. ते रस्ते हवेतच. पावसाळ्यात बैलगाडी रुतणाऱ्याला फुलाचं कौतुक सांगण्यात अर्थ नाही. पण एका बाजूची झुडपं ठेवून रस्ता होत नाही असंही नाही.

झुडपी जंगलाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे 86 हजार हेक्टर जमीन उरली आहे. महसुलाच्या कागदावर ती वर्षानुवर्षं चराईची, बिनकामाची जागा होती. त्यामुळे शाळा, दवाखाने, वस्त्या, अतिक्रमणं, सगळ्यांची सोय तिथेच झाली. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनच धरायच्या असा निर्णय दिला. मात्र ‘वन’ म्हटल्यावर तिथे खड्डे खणून सागाची रांग लावली, तर उघड्या झुडपी जागेतल्या वेली आणि कंद सावलीत गुदमरतील. कोरड्या, खुरट्या रानाला पडीक म्हणायची सवय आपल्याला इतकी आहे, की त्याचं रक्षणसुद्धा आपण त्याला दुसरंच काही तरी बनवून करू पाहतो.

आणि तिसरं कारण उकरणं. इथे कळलावीपेक्षा सफेद मुसळीचा अनुभव बोलका आहे. अकोट, अंजनगाव सुर्जीच्या पट्ट्यात बारी समाजातले शेतकरी पानमळ्यांसोबत पानपिंपळी आणि मुसळी पिढ्यानपिढ्या पिकवत आले, त्यात त्यांचं कसब आहे. रानातली मुसळी उकरणाऱ्याची अडचण वेगळी. तिची पानं पावसाळ्यातच दिसतात, दिवाळीच्या सुमारास वाळून जातात. मुळी पक्व होते पानं गेल्यावर, पण तेव्हा ती सापडणार कशी? म्हणून हिरवी असतानाच उकरतात. माल कच्चा, भाव कमी, म्हणून जास्त उकरायचं, आणि बी पडायच्या आत रोप गेलेलं. शेतात पिकायला लागली की रानातली वाचेल हा हिशोब कागदावर छान दिसतो, पण ज्याला लागवडीचा खर्च नाही त्याच्यासाठी रानातला माल नेहमीच स्वस्त. कळलावीची बियांसाठीची शेती तामिळनाडूत मोठी आहे, बी परदेशी जातं. तिथेही लागवडीचे कंद रानातूनच आणले गेल्याच्या नोंदी आहेत.

शेरा आणि कायदा

लाल यादीतला शेरा म्हणजे कायदा नव्हे, हे पुन्हा सांगावं लागतं. अतिसंकटग्रस्त लिहिलं म्हणून कुणाला आपोआप शिक्षा होत नाही. ‘कमी चिंतेची’ लिहिलं म्हणून राखीव वनातून उकरायची मोकळीक मिळत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात 1991 च्या दुरुस्तीने वनस्पतींची अनुसूची घातली, तीत नोंदी होत्या सहा : कुठ, घटपर्णी, काही ऑर्किड, एक सायकस. विदर्भातली एकही नाही. 2022 च्या दुरुस्तीत अनुसूचींची रचना बदलून वनस्पती तिसऱ्या अनुसूचीत गेल्या. नामशेष व्हायच्या वाटेवरच्या जाती राज्यवार अधिसूचित करायची सोय 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या कलम 38 मध्ये आहे.

गावाच्या हातात मात्र वेगळी दोन साधनं आहेत, आणि माझ्या मते ती जास्त कामाची. एक, 2006 च्या वनहक्क कायद्याचा सामूहिक हक्क, म्हणजे गावाभोवतीचं वन गावानेच सांभाळायचा आणि वापरायचा हक्क. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला तो 2009 मध्ये मिळाला, पुढे चंद्रपुरातल्या पाचगावसारख्या गावांनी बांबू कधी, किती, कसा तोडायचा याचे स्वतःचे नियम केले. जी ग्रामसभा बांबूचा नियम करू शकते ती कंदाचाही करू शकते. दुसरं, ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची गावाने ठेवायची नोंद. राज्याचं जैवविविधता मंडळ नागपुरातच आहे. हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातल्यावर या नोंदवह्या भराभर झाल्या. काही वाचताना एका गावची यादी दुसऱ्यात उतरवल्यासारखी वाटते : कडुनिंब, वड, पिंपळ, तुळस, अडुळसा. कळलावीचं नाव असलंच तर पुढे ‘औषधी’ एवढाच शब्द.

मूल्यांकन करणाऱ्याला या शब्दाचा काही उपयोग नाही. त्याला हवं असतं ठिकाण, संख्या, आणि तेच ठिकाण काही वर्षांनी पुन्हा पाहिल्याची नोंद. घट मोजायची तर आधीचा आकडा लागतो, आणि आपल्याकडे नेमका तोच नसतो.

हे काम अवघड नाही. पोळा ते नवरात्र या काळात फुलं दुरून दिसतात. गावची एक पांदण, नाल्याचा एक तुकडा आणि झुडपी जंगलाची एक कड ठरवून घ्यायची, दरवर्षी त्याच. फुलावर आलेल्या वेली मोजायच्या. न फुललेल्या, म्हणजे तरुण, वेगळ्या लिहायच्या. सगळ्याच वेली फुललेल्या असतील आणि लहान एकही नसेल, तर आनंद मानू नये. बी रुजत नाही, जुने कंदच वर येताहेत, असा त्याचा अर्थ असू शकतो. त्याच जागी हिवाळ्यात परत जाऊन बोंडं धरली का ते पाहायचं. फुलं शंभर आणि बोंडं दोन-चार असतील तर परागीभवनात काही तरी बिनसलं आहे, किंवा बी पिकायच्या आधीच कुणी नेलंय. सोबत धुऱ्यावर त्या वर्षी काय फवारलं तेही लिहावं. ही माहिती बाहेरच्या संशोधकाला कधीच मिळत नाही, वावराच्या मालकाला मात्र तोंडपाठ असते.

ज्या गावात कंद विकले जातात तिथे नियम करायचा तर त्याला आधार वेलीच्या रचनेतच आहे. कंदाच्या दोन फाट्यांपैकी प्रत्येकाच्या टोकाला एक डोळा असतो आणि कोंब तिथूनच फुटतो. तो डोळा मोडला तर तो फाटा वाया. बोंड फुटून बी पडल्यावरच खणायचं, एक फाटा डोळ्यासकट परत मातीत घालायचा, आणि ठरवलेल्या पांदणीवरच्या वेलींना हात लावायचा नाही.